मुक्या माळावरची हजेरी

नांदवण, ता. साक्री
१६ फेब्रुवारी १९८७

सुकदेव,

आशीर्वाद लिहिला तर तू म्हणशील, सहा वर्षांनी आबांना आशीर्वाद सुचला. नाही लिहिला तर म्हणशील, म्हाताऱ्याचा राग अजून गेला नाही. म्हणून ती ओळच गाळतो. तुझी आई असती तर तिने माझा हात धरून लिहून घेतली असती.

काम आहे म्हणून लिहितोय. धरण नक्की झालं. आपलं नांदवण आणि नदीपलीकडचं भोरटेक, दोन्ही पाण्याखाली जाणार. साहेब साक्रीहून जीपने आले, चावडीसमोर खुर्ची टाकून बसले आणि म्हणाले, दोन्ही गावांना मिळून एकच गावठाण मिळेल. एक शाळा, एक टाकी, एक स्मशान. जागा तुम्ही ठरवा. एकमत झालं नाही तर जिथे सरकारी जमीन मोकळी असेल तिथे पाठवू, निम्मे इकडे, निम्मे तिकडे.

मग काय विचारतोस. आपले सरपंच झुलालभाऊ म्हणाले, गाव नांदवणच्या अंगाला पाहिजे, उंबरे आमचे जास्त. भोरटेकचे तोताराम नाना म्हणाले, गाव भोरटेकच्या अंगाला पाहिजे, तुम्ही उघड्यावर होता तेव्हा आमच्याकडे पाट वाहत होता. दोन्ही गावांची पोरं माझ्या हाताखालून गेलेली, म्हणून मला मधे बसवलं. आता मी काय बोलणार? सातवीच्या भूगोलात शिकवायचो तेच बोललो. ऑस्ट्रेलियात दोन मोठी शहरं, दोघांनाही राजधानी आपल्याकडे हवी होती. भांडण मिटेना तेव्हा दोघांना सोडून मेंढ्या चरायच्या रानात नवी राजधानी वसवली. राष्ट्र राजधानीची जागा बघतं तेव्हा सगळ्यात मोठं शहर बघत नाही, सगळ्यात जुनंही बघत नाही. ज्या जागेला कुणीच 'माझी' म्हणू शकत नाही, तिथे बोट ठेवतं.

तोताराम नाना म्हणाले, "गुरुजी, दिल्लीहून राजधानी उचलून देवगिरीला नेली होती एकाने. त्याचं काय झालं तेही सांगून टाका."

सगळे हसले. मीही हसलो. म्हटलं, नाना, तो कुणाला न विचारता गेला. आपण विचारून चाललोय.

तर अशी जागा आपल्याकडे एकच. मुका माळ. तुला आठवत असेल, टेकडीमागचा, दोन्ही गावांच्या शिवेमधला सपाट माळ. तिथे कुणी नांगर घातला नाही, कुणी झोपडी बांधली नाही. लहानपणी तुम्ही पोरं तिथून जाताना आपोआप गप्प व्हायचात. काल झुलालभाऊ, तोताराम नाना आणि मी जाऊन आलो. जमीन चांगली, मुरूम पक्का, उतार बेताचा. फक्त तिथली शांतता वेगळी आहे. मेंढ्या चरत होत्या, गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, पण एकही मेंढी तोंडाने ओरडली नाही. कोकरू आईपासून लांब गेलं, तोंड उघडून उभं राहिलं, आणि आवाज नाही. मला ते दृश्य फार सुंदर वाटलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्गाचं कुलूप उघडून आत गेलं की बाकांवर जशी शांतता बसलेली असते, अगदी तशी.

माळाच्या कडेला भुरीबाई बकऱ्या घेऊन बसली होती. वरच्या पाड्यावरची, तिच्याकडून आपण मोहाची फुलं घ्यायचो ती. तिने मला हाताने खूण करून माळाबाहेर बोलावलं आणि मगच तोंड उघडलं. म्हणाली, "गुरुजी, तठे बोलू नका. तठे जो शे, त्याले तोंड शे, आवाज नही."

तिथे जो आहे, त्याला तोंड आहे, आवाज नाही. जुन्या लोकांच्या बोलण्यात कविता कशी सहज येते बघ. मी ते वाक्य घरी येईपर्यंत मनात घोळवत होतो.

असो. नव्या गावठाणात वेगळं घर केलेल्या मुलाला वेगळा तुकडा मिळतो. तुझ्या नावचा माझ्या शेजारी धरू का? तू जळगावजवळ असोद्याला सासरी राहतोस, राहा. तुकडा धरून ठेवायला काय जातं. पोस्टकार्डावर नुसतं 'हो' लिहिलंस तरी पुरे.

आबा


नांदवण
२३ मार्च १९८७

सुकदेव,

तुझं कार्ड आलं नाही. मी तुकडा धरला.

माळ ठरला. भोरटेकच्या बाया म्हणत होत्या, मुक्या जागेत लेकरं मुकी होतील. झुलालभाऊंनी सांगितलं, गाव आलं की गोंगाट आपोआप येतो, लग्नाचा बँड एकदा वाजला की बघा. साहेबांनी कागदावर सही केली. चुन्याच्या रेघा मारायला माणसं येऊन गेली. मी त्याला आपली राजधानी म्हणतो तर आता पोरंही राजधानीच म्हणायला लागलीत. 'राजधानीला चाललो' म्हणतात आणि बकऱ्या घेऊन जातात.

एक जुनी रीत झुलालभाऊंनी काढली. नांदवण पूर्वी नदीच्या अगदी काठाला होतं, प्लेगात तिथून उठून वर आलं. तेव्हा त्यांच्या आज्याने नव्या गावठाणाच्या मधोमध उभं राहून प्रत्येक घराच्या कर्त्याला नावाने हाक मारली होती. ज्याने आपल्या तुकड्यावर उभं राहून 'हाव' म्हणून ओ दिली, तो त्या जागेचा झाला. मगच चूल पेटली. जो परगावी असेल त्याच्याऐवजी घरातलं कुणी ओ देतं. यंदा ही हाक आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर मारायची ठरली, सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, दोन्ही गावं भरलेली असतात.

मला एक शंका होती. माळावर आवाज पोचतो का? हाक मारली आणि टोकाच्या तुकड्यावर ऐकूच गेली नाही तर? सोनगीरच्या शाळेत आमचे गुरुजी आम्हाला किल्ल्याच्या पायथ्याशी नेऊन कविता म्हणायला लावायचे. आम्ही ओळ म्हटली की तट ती परत म्हणायचा. मला वाटायचं, किल्ल्याला पाठ होतेय. माळावर असं काही होतं का, बघावं म्हणून परवा दुपारी जेवण झाल्यावर एकटाच गेलो.

मास्तराला आवाज तपासायचा म्हटलं की दुसरं काय सुचणार. हजेरी घेतली. जुन्या वर्गाची, तोंडपाठ आहे अजून. हिरामण पांडू. सीताराम गोविंदा. नाव घ्यायचं, थांबायचं, पुढचं घ्यायचं. काही नाही. हाक समोर जात होती आणि ओल्या मातीत पाय रुतावा तशी रुतत होती. ऊन डोक्यावर. माझी सावली पायाखाली. आणि सवयीने, क्रमात येतं म्हणून, तुझं नाव घेतलं. सुकदेव हिलाल.

"हजल."

सुकदेव, तुला पहिलीत र येत नव्हता. तू हजल म्हणायचास आणि अख्खा वर्ग हसायचा, आणि मी बाप असूनही तुला उभं करून पुन्हा म्हणायला लावायचो.

आवाज कुठून आला सांगता येत नाही. मागच्या बाकावरून येतो तसा, जरा उशिरा आला. मी चहूकडे वळून पाहिलं. नुसतं पिवळं गवत आणि चुन्याच्या रेघा.

माझं वय झालंय, कान वाजतात, हे मलाही कळतं. तरी तुला लिहावंसं वाटलं.

आबा


नांदवण
१२ एप्रिल १९८७

सुकदेव,

मागच्या पत्रात मी परत गेलो नाही असं लिहिलेलं नाही. म्हणजे खोटं काही लिहिलेलं नाही. रोज जातो.

लोकांना सांगतो, रस्ते आखायला जातो. खरं तर चार खुंट्याही मी ठोकल्या नाहीत. जेवण झालं की छत्री घेतो आणि निघतो. माळाच्या मधोमध एक चपटा दगड आहे, तिथे बसतो, तुझं नाव घेतो.

तो मोठा होतोय, सुकदेव. म्हणजे आवाज. पहिल्या आठवड्यात 'हजल' होता, मग 'हजर' झाला. मग मी कविता म्हणायला सांगितली. मीच तुमच्या वर्गासाठी रचलेली, आठवते? 'पाटावरचं पाणी म्हणे, थांबू कशाला? शेत म्हणे, थांब जरा, घोट दे घशाला.' त्याने सगळी म्हटली. तू म्हणायचास तशीच, शेवटच्या ओळीला पळत सुटून. मी त्या दगडावर बसून ऐकत राहिलो आणि मला वाटलं, तुझी आई झुंबर मागे उभी आहे पदराने हात पुसत. वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर नसती.

मग आवाज फुटला. तेरा-चौदाव्या वर्षी तुझा फुटला होता तसा, मधेच जाड, मधेच बारीक, आणि त्याचा तुला आलेला राग. मग तुझं हसणं आलं. ते तर मी विसरलोच होतो. नुसतं हसणं, माळभर, कुणीही नसताना.

नवं तो काही बोलत नाही. मी विचारलं, बरा आहेस का, तर गप्प. जे तू कधी तरी बोललास तेच येतं. परवा आलं ते वाक्य लिहू का? तू बॅग घेऊन अंगणात उभा होतास तेव्हाचं. "आबा, तुम्हाला माणसं नको, वर्ग पाहिजे." मी घरजावयावरून जे बोललो होतो ते माळाने ऐकवलं नाही. फक्त तुझं ऐकवलं. मी म्हटलं, पुन्हा म्हण. त्याने पुन्हा म्हटलं. इतक्या वर्षांनी ते वाक्य ऐकताना मला राग आला नाही, उलट बरं वाटलं. कुणी तरी घरात आहे असं वाटलं.

भुरीबाई कडेला उभी राहून मला बघत असते. ती आता बकऱ्याही तिकडे आणत नाही, नुसती माझ्यासाठी येते असं दिसतं. मी हात केला तर करत नाही.

आज मात्र जे ऐकलं त्याचा अर्थ लागत नाही, म्हणून घाईने लिहायला बसलो. मी नाव घेतलं. मग एकदम मोठा आवाज आला, भरदार, खणखणीत, तुझाच पण मी कधी न ऐकलेला. "एरंडोल, पारोळा मार्गे धुळ्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे. प्रवाशांनी आपले सामान सांभाळावे."

ओसाड माळ, आणि त्यावर गाडी लागत होती. माझी नजर खरंच फलाट शोधायला लागली.

तू जळगावच्या बसस्थानकावर माइकवर असतोस, एवढं मला लोकांकडून कळलं होतं. मी कधी आलो नाही. तू असंच म्हणतोस का? फलाट चारच आहे का? कार्ड टाक. नसेल बोलायचं तर नुसता आकडा लिही.

आबा


नांदवण
२१ एप्रिल १९८७

सौ. प्रमिला,

मी तुला कधी पत्र लिहिलं नाही, तुझ्या लग्नातही आलो नाही, आणि तू मात्र कार्ड माझ्या नावाने लिहिलंस. वळणदार अक्षर आहे तुझं.

कार्ड मी पुष्कळदा वाचलं. तू लिहितेस, होळीनंतर सुकदेव लेकीला झोपवताना पाटाच्या पाण्याची कविता म्हणायला गेला आणि आवाजच निघेना. शब्द आठवत होते, बाकी बोलणं नीट होतं, पण ती कविता म्हणायला तोंड उघडलं की हवा. मग त्याचं हसू गेलं, म्हणजे हसतो पण आवाज नाही. तुम्हाला वाटलं थंड पाणी प्यायला. आणि रामनवमीनंतरच्या रविवारी माइकसमोर बसला, बटण दाबलं, आणि काहीच नाही. फलाट चारवर गाडी उभी होती आणि माणसं त्याच्याकडे बघत होती. जळगावच्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं, सगळं चांगलं आहे म्हणाले. हे सगळं तू मला का कळवतेस, तर तुझे वडील रुपचंदभाऊ म्हणाले, बापाचा शाप असेल तर बापाला विचारा.

शाप नाही, मुली. शाप देणाऱ्याला निदान ठाऊक असतं.

तो रविवार म्हणजे बारा तारीख. त्या दुपारी मी कुठे होतो आणि काय ऐकत होतो ते सुकदेवला लिहिलंय. ती पत्रं त्याने फोडली नसतील तर तू फोड.

मला माहीत नव्हतं की तुम्हाला लेक आहे. माहीत नव्हतं की तिचं नाव तुम्ही झुंबर ठेवलंत. आणि हे तर स्वप्नातही आलं नसतं की तो तिला माझी कविता म्हणून झोपवतो. मला वाटायचं, जाताना त्याने सगळं इथेच टाकलं. मी इथे माळावर बसून तीच कविता मागत होतो आणि तिकडे त्या पोरीच्या उशाशी ती सरत होती.

तू लिहितेस, रोजंदारीचं काम आहे, सध्या दुसऱ्याला बसवलंय, आखाजीपर्यंत जागा धरून ठेवतो म्हणालेत. आणि घरात लोक काय म्हणतात तेही तू न लिहिता लिहिलंयस. घरजावई, त्यात मुका. मी त्याला यातला पहिला शब्द दिला होता, दुसराही माझ्याच हातून मिळाला.

कार्ड आल्यापासून मी माळावर गेलो नाही. पण त्याने काय होतं. घेतलेलं परत आलं का? आलं असतं तर तू तार केली असतीस.

मी झुलालभाऊंकडे गेलो. म्हटलं, जागा बदला. तो माळ रिकामा नाही. त्यांनी मला चहा दिला आणि सुनेला सांगितलं, गुरुजींना सावलीत बसव. चावडीत सगळ्यांसमोर बोललो तेव्हा कुणी तरी मागून म्हणालं, तुघलकालाही परत फिरावंसं वाटलं होतं. मीच शिकवलेलं पोरगं असणार.

तोताराम नाना मात्र मला बाहेर पिंपळापर्यंत घेऊन आले. ते हळू म्हणाले, "गुरुजी, मी पण गेलो होतो. माझ्या सुरतेच्या पोऱ्याचं नाव घेतलं, तो ओ बोलला. मी परत पाय ठेवला नाही. तुम्हाला हजेरी घेतल्याशिवाय राहवत नाही, तुमचं असं झालं."

मी विचारलं, मग सांगत का नाही सगळ्यांना?

"सांगून काय करू? ही जागा गेली तर साहेब निम्मे इकडे टाकतील, निम्मे तिकडे. दोन्ही गावं एका गोष्टीवर एक झाली ती हीच. दुसरी जागा दोघांना पटणार नाही, तुम्हीच शिकवलंत."

मी शिकवलं ते खरं. ज्या जागेला कुणी माझी म्हणत नाही तिथे राजधानी करावी. ती जागा स्वतः गप्प का आहे, हे पुस्तकात नव्हतं.

नानांनी एक कबूल केलं. आखाजीच्या हाकेला परगावच्या कुणाचंही नाव घ्यायचं नाही. जो तुकड्यावर उभा असेल आणि स्वतःच्या तोंडाने ओ देईल त्याचंच. तेवढं ते झुलालभाऊंच्या गळी उतरवतील. पण सुकदेवचं नाव तर मी आधीच घेऊन बसलोय.

झुंबरला माझ्यातर्फे काही सांगू नकोस. तिला काही सांगायचं असेल तर तो सांगेल, आवाज आला की.

हिलाल गुरुजी
(तुझा सासरा असं लिहायला हात धजत नाही)


नांदवण
२७ एप्रिल १९८७

सुकदेव,

आज सकाळी वरच्या पाड्यावर जाऊन आलो. भुरीबाईने अंगणात खाट टाकली. तिचा भाऊ पुन्या तिथेच टोपली विणत बसला होता. तुला तो आठवेल, होळीला त्याचा आवाज दोन टेकड्यांवर ऐकू जातो. भुरीबाई म्हणाली, लहानपणी पुन्या मुका झाला होता. बाप माळावर मेंढ्या चारायला न्यायचा, एकट्याला करमायचं नाही म्हणून पोराला नावाने हाका मारायचा आणि ओ आली की खूश व्हायचा. पोर घरी मुकं होत चाललं होतं हे त्याला कळलं तेव्हा उशीर झाला होता.

तिच्या बापाला मी चांगला ओळखायचो. जन्माचा मुका माणूस म्हणून ओळखायचो.

मी विचारलं, मग पुन्या कसा बोलायला लागला? तिने माझ्याकडे बघितलं नाही, बकरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "तो एक धरस, एक सोडस. पन त्याले भरेल आवाज जोयजे, गुरुजी. रिकामा चालत नही."

एक धरतो, एक सोडतो, पण त्याला भरलेला आवाज पाहिजे. मी वाटभर विचार करत आलो. माझ्याकडे काय भरलेलं आहे? जमीन नाही, गाठीला काही नाही. पण आवाज आहे. सोनगीरच्या किल्ल्याखाली पाठ केलेल्या सगळ्या कविता त्यात आहेत. सगळ्या हजेऱ्या आहेत, सगळ्या प्रार्थना, पाढे, तुझ्या आईला मारलेल्या हाका. इतकं एका घशात कसं मावलं कोण जाणे.

भीती वाटते, हे लिहून ठेवतो. मरणाची वाटत नाही तेवढी याची वाटते. मी सकाळी उठतो तेव्हा तोंड धुण्याआधी एखादी ओळ म्हणतो. घरात दुसरं कुणी नाही, पण ओळ म्हटली की घर जागं होतं. उद्यापासून ते घर कसं असेल?

जेवण करून निघतो. जाण्याआधी या खोलीत काही मोठ्याने म्हणावं असं वाटत होतं. मग म्हटलं, नको, इथे सांडायला नको.

तुला अनेक आशीर्वाद. ही ओळ पहिल्या पत्रात राहिली होती.

आबा


नवं गावठाण, मुका माळ
११ मे १९८७

सुकदेव,

प्रमिलाचं कार्ड मिळालं. अठ्ठावीस तारखेला सकाळी तू अंथरुणात उठून बसलास आणि झुंबरला म्हणालास, पाणी दे. ती पाणी द्यायचं सोडून, बाप बोलला म्हणून घरभर ओरडत फिरली, 'दादा बोलना, दादा बोलना'. मला ते वाचून इतकं हसू आलं की शेजारची भागाबाई डोकावून गेली. तिला काही ऐकू आलं नसणार. खांदे हलताना दिसले असतील.

तू माइकवर परत बसलास हेही कळलं. चांगलं झालं. फलाट क्रमांक नीट सांगत जा, माणसं त्या आवाजावर भरवसा ठेवून पळतात.

माळावर काय झालं ते तुला सांगायला हवं, पण सांगण्यासारखं थोडंच आहे. दगडावर बसलो. सुरुवात हजेरीने केली, मग प्रार्थना, मग कविता. पहिल्यांदा प्रत्येक ओळ रुतत होती, नेहमीसारखी. मग मला जाणवलं की कुणी तरी ऐकतंय. मास्तराला ते पाठ फिरवूनही कळतं. मन लावून ऐकणारा वर्ग असला की हवा जरा जवळ येते. मग मीही रंगलो. खरं सांगतो, इतकं चांगलं मी कधी म्हटलं नाही. एकेक कविता म्हणून झाली की ती माझ्यात उरत नव्हती. शब्द आहेत, पण चाल गेली. गुरं परतायच्या वेळेला माझ्याकडे फक्त पाटाचं पाणी उरलं होतं. ती ठेवावी असं फार वाटलं. पण भरलेला म्हणजे भरलेला. म्हटली. 'घोट दे घशाला' म्हटलं आणि पुढचा श्वास नुसता श्वास निघाला.

मेंढ्या होत्या कडेला. त्यातली एक ओरडली. त्या माळावर मी पहिल्यांदा मेंढीचा आवाज ऐकला.

लोक म्हणतात, गुरुजींना उन्हाचा झटका आला. म्हणू देत. मी पाटी गळ्यात अडकवली आहे, त्यावर खडूने लिहितो. शुद्धलेखन तपासणारं कुणी नाही.

आखाजीला हाक झाली. फार देखणा दिवस होता. दोन्ही गावं चुन्याच्या चौकटींत उभी, माहेरवाशिणी झोक्यांची गाणी अर्धवट टाकून आलेल्या. झुलालभाऊ मधल्या दगडाजवळ उभे राहिले. एकेक नाव, एकेक 'हाव'. परगावच्या कुणाचं नाव घेतलं नाही, तोताराम नाना शेजारी उभे राहून लक्ष ठेवत होते. तुझ्या तुकड्याशी आले तेव्हा झुलालभाऊ थांबले, मी मान हलवली, ते पुढे गेले. तुझ्या तुकड्यावर अजून कुणाचं नाव नाही. तो मोकळा आहे. तू येशील तेव्हा स्वतःच्या तोंडाने ओ दे, नाहीतर देऊ नकोस.

माझं नाव घ्यायचं नाही असं ठरवायला मी विसरलो. वीस वेळा पाटीवर लिहिलं असतं, पण सगळं लक्ष तुझ्यावर होतं. झुलालभाऊंनी मान म्हणून माझं नाव शेवटी ठेवलं होतं. "हिलाल गुरुजी," ते म्हणाले. मी माझ्या चौकटीत उभा होतो. हात वर केला, वर्गात पोरं करतात तसा.

आणि माळाच्या मधून, दगडापाशी जिथे कुणीच नव्हतं तिथून, माझा आवाज आला. "हजर."

तोताराम नानांनी टोपी काढली आणि परत घातली. मग झुलालभाऊ म्हणाले, चला, चुली पेटवा. आणि सगळ्यांनी पेटवल्या.

अशी राजधानी वसली. लोक आता त्या दगडाला पाय लावत नाहीत, पण घाबरतही नाहीत. शाळेची इमारत तिथेच होणार आहे. दुपारी उन्हाच्या वेळी दगडाकडून कविता ऐकू येते म्हणतात. भागाबाई म्हणते, तिच्या नातवाला दोन पाठ झाल्या. मी ऐकायला जात नाही. माझ्या घराची भिंत अर्धी झाली आहे, तिच्या सावलीत बसतो. कधी कधी वाऱ्याबरोबर एखादी ओळ येते आणि मला वाटतं, किती छान म्हणतोय, कुणाचा विद्यार्थी असेल.

मेंढ्या आता रोज ओरडतात.

तू ये. प्रमिलाला आण, झुंबरला आण. साक्रीहून नवी गाडी सुरू झाली आहे, फाट्यावर उतरायचं आणि चुन्याच्या रेघेने सरळ यायचं, तिसरं घर. तिथे जो म्हातारा बसलेला असेल तो मी. झुंबरला आधी सांगून ठेव की आजोबा बोलत नाहीत, नाहीतर तिला वाटेल मला ती आवडली नाही.

आणि एक. वाटेत मला हाक मारू नकोस. लांबून दिसलो तरी 'आबा' म्हणू नकोस, माळ ओलांडून घरात पाऊल ठेवेपर्यंत गप्प ये. मी तुझ्या समोर बसलेलो असेन, हात वर केलेला असेल, आणि ओ माझ्या मागून येईल.

आबा